टेस्ला कॉइल चालत नसेल, तर वेढे सोडण्याआधी हे वाचा

विज्ञान प्रदर्शनीचे दिवस आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत कुणीतरी टेस्ला कॉइल करायला घेतोच. मोबाइलवर पाहून मुलं पीव्हीसीच्या नळीवर तार गुंडाळतात आणि तार न जोडता सीएफएल उजळवून दाखवतात. मला ही कॉइल मनापासून आवडते. विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवी-नववीच्या मुलाला डोळ्यांनी दिसावं, असं इतकं स्वस्त साधन माझ्या पाहण्यात दुसरं नाही. पण ती चालली नाही की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: "वेढे उलटे झाले." या एका वाक्यापायी मुलांच्या रात्री वाया गेलेल्या मी पाहिल्या, ट्रान्झिस्टर जळालेले पाहिले आणि एका तरुणाचा डोळा थोडक्यात वाचलेलाही पाहिला. मी विज्ञान शिकवतो आणि सुटीच्या दिवशी ओळखीच्या मोटर भरणाऱ्याच्या दुकानात बसतो. दोन्हीकडे जे कळलं ते इथे लिहितो.

मुद्दा एवढाच आहे. वेढ्यांना स्वतःची अशी बरोबर किंवा चूक दिशा नसते. एका गुंडाळीचं दुसरीशी नातं काय, हे काही कॉइलमध्ये निर्णायक ठरतं, काहींमध्ये त्याने काडीचा फरक पडत नाही, आणि काहींमध्ये ते चुकलं तर स्फोट होतो. आपली कॉइल यातली कोणती, हे आधी ओळखावं लागतं.

मुरूमगावच्या बाजूचा एक नववीतला मुलगा होता. त्याने केली होती ती सगळ्यात साधी कॉइल, जिला 'स्लेयर एक्सायटर' म्हणतात. ९ व्होल्टची बॅटरी, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, २२ किलोओहमचा एक रोध, एक एलईडी. शेतात वापरतात तसल्या ३२ मिलिमीटर पीव्हीसी नळीवर ३० गेजच्या वायंडिंग तारेचे ४०० वेढे, ही सेकंडरी. तिच्या पायथ्याशी प्लास्टिकचं आवरण असलेल्या जाड तारेचे चार वेढे, ही प्रायमरी. गुंडाळी इतकी सुबक होती की नळीवर तांब्याचं कापड चढवल्यासारखी दिसत होती. पण सीएफएल काही उजळेना. वसतिगृहातल्या कुणीतरी सांगितलं, वेढे उलटे झालेत. मुलाने चाळीस मीटर तार सोडली आणि रात्रभर बसून उलट्या दिशेने पुन्हा भरली. व्हिडिओत दोन्ही गुंडाळ्या एकाच बाजूने फिरत होत्या, म्हणून प्रायमरीही सोडून दुसऱ्या बाजूने गुंडाळली. सकाळी माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा डोळे लाल झाले होते. "सर, रातभर भरला ना जी, तरी तसाच हाय."

तसाच असणार होता. त्याने दोन्ही गुंडाळ्या उलटवल्या होत्या, म्हणजे त्यांचं एकमेकींशी नातं पहिल्यासारखंच राहिलं होतं. मी बॅटरीची क्लिप काढायला लावली, प्रायमरीची दोन टोकं सोडवून एकीच्या जागी दुसरी लावायला सांगितली, क्लिप परत बसवली. एलईडी उजळला आणि हातातली सीएफएलही. रात्रभराच्या श्रमाऐवजी दोन टोकांची अदलाबदल पुरेशी होती. मग मी त्याच्याकडून तो व्हिडिओ मागून पाहिला. करणाऱ्याने तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता आणि त्याच्या सदऱ्यावरची अक्षरं उलटी दिसत होती. आरशातल्या प्रतिमेत डावं उजवं होतं, तसे त्यातले वेढेही उलटे दिसत होते. प्रायमरीचं कोणतं टोक कुठे जोडलंय, हे तर त्यात धड दिसतच नव्हतं. व्हिडिओ पाहून दिशा ठरवायची असेल, तर चित्रात कुठेतरी अक्षरं शोधा आणि ती सरळ वाचता येतात का ते आधी बघा.

दुसरा घोटाळा नळी उलटी करण्याचा. पुष्कळ मुलांना वाटतं, सेकंडरीची नळी खालची बाजू वर करून बसवली की वेढे उलटे होतील. होत नाहीत. बोल्ट घ्या, डोकं वर करा की खाली, त्याचे आटे उजवे असतील तर उजवेच राहतात. नळीचंही तसंच. उलटी केल्यावर जे टोक खाली आलं ते ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलं, की सगळं होतं तसंच झालं. दोन गुंडाळ्यांमधलं नातं, म्हणजे कला (फेज), उलटवायची असेल तर तीन गोष्टींपैकी एकच करायची: प्रायमरीची टोकं अदलाबदल करायची, किंवा प्रायमरी दुसऱ्या बाजूने गुंडाळायची, किंवा सेकंडरी दुसऱ्या बाजूने गुंडाळायची. यातली कुठलीही एक केली की कला उलटते, कुठल्याही दोन केल्या की पुन्हा मूळपदावर येते. पहिलीला अर्धं मिनिट लागतं आणि तिसरीला एक रात्र, तेव्हा तिसरीच्या वाटेला कुणी जाऊच नये.

या कॉइलमध्ये कला इतकी महत्त्वाची का, तेही सांगतो. ट्रान्झिस्टर सुरू झाला की प्रायमरीत प्रवाह वाढतो, त्यामुळे सेकंडरीत विद्युतदाब प्रवर्तित होतो आणि सेकंडरीचं खालचं टोक तोच दाब बेसकडे परत आणतं. जोडणी योग्य असेल तर हा परतावा नेमका ट्रान्झिस्टरला बंद पाडणारा असतो. तो बंद पडला की उलटी लाट येते, तो पुन्हा सुरू होतो, आणि हे सेकंदाला लाखो वेळा चालू राहतं. जोडणी उलटी असेल तर परतावा अवेळी येतो, दोलनं धरतच नाहीत आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून नुसता तापतो.

तो किती तापतो हे घटकांवर अवलंबून आहे, आणि इथेच खरी सावधगिरी हवी. ९ व्होल्ट आणि २२ किलोओहम असतील तर बेसमध्ये जेमतेम ०.४ मिलिअँपिअर जातो. कलेक्टरमधून काही दहा मिलिअँपिअर वाहतील आणि ट्रान्झिस्टर तापेल, पण सहसा लगेच जळणार नाही. म्हणून शिकायला हीच मांडणी चांगली, कारण जोडणी चुकली तरी फारसं काही बिघडत नाही. पण मोठी ठिणगी हवी म्हणून मुलं टीआयपी३१सी ट्रान्झिस्टर घेतात, १२ व्होल्ट लावतात आणि रोध १ किलोओहमवर आणतात. आता बेसमध्ये ११ मिलिअँपिअर जातात आणि कलेक्टरमधून अर्धा अँपिअर सहज वाहू शकतो. चार वेढ्यांच्या तारेचा रोध नगण्य, म्हणजे सगळे १२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवरच पडतात आणि ६ वॉट उष्णता त्याच्या अंगात साठते. हीटसिंक नसेल तर हा ट्रान्झिस्टर जेमतेम २ वॉट सोसतो. कॉइल चालत नाही म्हणून मुलगा वाकून बघत राहतो, बोट लावून पाहतो, आणि बोटाला फोड येतो. तेव्हा कला आधी लहान बॅटरीवर तपासायची, टोकांना खुणा करायच्या आणि मगच ताकद वाढवायची. टोकं बदलताना दर वेळी बॅटरी काढायची. बॅटरीऐवजी स्वस्तातला मोबाइल चार्जर किंवा अ‍ॅडॉप्टर जोडायचा नाही. त्यातलं आतलं विद्युतरोधन कमकुवत असेल तर घरातली २३० व्होल्टची लाइन थेट कॉइलच्या तांब्याच्या तारेवर येऊ शकते.

उलट्या कलेवर खापर फोडण्याआधी तीन गोष्टी बघायला हव्यात, कारण माझ्याकडे येणाऱ्या न चालणाऱ्या कॉइलपैकी बऱ्याच यातच अडकलेल्या असतात. वायंडिंग तारेवर पारदर्शक इनॅमल असतं. ते टोकाला ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडून तांबं उघडं केलं नाही, तर जोड दिसतो पण लागत नाही. मीटर ओहमवर ठेवून सेकंडरीची दोन्ही टोकं तपासा: वरच्या मापाच्या गुंडाळीला ९ ओहमच्या आसपास रोध दिसला पाहिजे. काहीच दिसलं नाही तर तार मध्ये तुटली आहे किंवा इनॅमल खरवडायचं राहिलंय. दुसरी गोष्ट ट्रान्झिस्टरच्या पायांची. पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए दिसायला सारखे, नावातही एकाच आकड्याचा फरक, पण कलेक्टर आणि एमिटरचे पाय एकमेकांच्या उलट. पाकिटावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय जोडू नका. तिसरी गोष्ट, कॉइल चालू असताना डिजिटल मीटर जवळ आणला की तो काहीबाही आकडे दाखवतो. त्या आकड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. एलईडी उजळला का आणि सीएफएलमध्ये उजेड आला का, एवढंच बघा.

बांबूचंही सांगायला हवं. आमच्या भागात बांबू घरोघरी असतो. २००९ साली मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूवरचा गावाचा हक्क मान्य झाला, तेव्हापासून तर बांबूकडे पाहण्याची तालुक्याची नजरच बदलली. साहजिकच मुलं विचारतात, नळी विकत कशाला आणायची, बांबूचा तुकडा का नको? एका मुलीने केली होती बांबूवर, आणि हिवाळ्यात चाललीही. पण बांबू हवेतला ओलावा ओढतो. पावसाळी दिवसांत उच्च वारंवारतेची ऊर्जा त्या ओलाव्यात मुरते, दोलनं क्षीण होतात आणि सीएफएल उजळत नाही. तिलाही "वेढे उलटे" असंच सांगण्यात आलं होतं. बांबू वापरायचा असेल तर जुना, पूर्ण वाळलेला घ्या, पेरांजवळचे उंचवटे घासून सपाट करा, आतून-बाहेरून वार्निशचे हात द्या आणि तार गुंडाळून झाल्यावर वर पुन्हा वार्निश द्या. तरीही पीव्हीसी सरस, हे मी बांबूच्या गावात राहून सांगतो.

आता ज्या कॉइलमुळे हे नाव जगभर झालं तिच्याकडे येऊ. निकोला टेस्लाने २३ जून १८९१ रोजी ज्या रचनेचं अमेरिकी पेटंट मिळवलं तीत ट्रान्झिस्टर नव्हताच, तेव्हा तो अस्तित्वातही नव्हता. उच्च दाबाचा पुरवठा धारित्राला भारतो, ठिणगीच्या फटीत ठिणगी पडते, धारित्र प्रायमरीतून रिकामं होताना दोलनं सुरू होतात आणि ती सेकंडरीत उतरतात. इथे सेकंडरीकडून मागे कुणालाही निरोप जात नाही. त्यामुळे दोन्ही गुंडाळ्या एकाच बाजूने असोत की विरुद्ध, ठिणगीच्या लांबीत फरक पडत नाही. बदलतं ते एवढंच, की वरच्या गोळ्यावर आधी धन अर्धलाट येईल की ऋण. या कॉइलला खरोखर महत्त्वाचं असतं ते म्हणजे दोन्ही मंडलांची वारंवारता जुळणं, दोन गुंडाळ्यांमधलं युग्मन बेताचं असणं आणि सेकंडरीचे वेढे एकमेकांवर न चढणं. म्हणजे ठिणगीच्या फटीची कॉइल चालत नसेल आणि कुणी वेढे उलटे फिरवायला सांगत असेल, तर तो सल्ला सोडून द्या आणि प्रायमरीचा टॅप एकेक वेढा सरकवून बघा. अर्थात प्रत्येक वेळी पुरवठ्याचा प्लग भिंतीतून काढून, धारित्र रोधातून रिकामं करून मगच.

दिशेचा प्रश्न ठिणगीच्या कॉइलमध्ये एकाच ठिकाणी उगवतो, तो जुळ्या कॉइल शेजारी ठेवल्या तर. दोन्ही माथ्यांमध्ये ठिणगी खेळवायची असेल तर एक धन असताना दुसरा ऋण हवा, म्हणजे एका प्रायमरीची टोकं दुसरीच्या उलट जोडायची. दोन्ही सारख्या कलेत असतील तर त्यांच्या ठिणग्या एकमेकींकडे जायचं टाळून बाहेर पळतात.

पण शाळकरी मुलांनी ठिणगीच्या फटीची कॉइल करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला लागणारा काही हजार व्होल्टचा पुरवठा जीवघेणा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर तर मुळीच नको. तो सुमारे २००० व्होल्ट देतो आणि सोबत अर्धा अँपिअरच्या घरातला प्रवाह. त्यात हात लागला तर सोडवायला वेळ मिळत नाही. असे दोन ट्रान्सफॉर्मर जोडून दाब दुप्पट करायचे व्हिडिओ मुलं मला दाखवतात आणि विचारतात, यांची कला कशी जुळवायची. याचं उत्तर मी देत नाही, इथेही देणार नाही.

कला चुकण्याचा सगळ्यात वाईट प्रकार मी पाहिला तो आधुनिक, मॉस्फेटवर चालणाऱ्या कॉइलमध्ये. एक तरुण, आयटीआय झालेला, हाताने कुशल. त्याने दोन मॉस्फेटचा अर्धपूल बांधला. यात एक मॉस्फेट चालू असताना दुसरा बंद असलाच पाहिजे, कारण दोघे मिळून पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये एकापाठोपाठ बसलेले असतात. त्यांच्या गेटना आळीपाळीने जागं करण्याचं काम फेराइटच्या कडीवर गुंडाळलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर करतो. एक गुंडाळी आत येणारी, दोन बाहेर जाणाऱ्या, आणि बाहेर जाणाऱ्यांपैकी एकीची टोकं दुसरीच्या उलट जोडायची. या तरुणाने तिन्ही गुंडाळ्या एकाच लाल तारेच्या केल्या होत्या. कडीतून सहा लाल टोकं बाहेर आलेली, त्यात कुठलं कुठलं हे कसं ओळखणार? दोन्ही मॉस्फेट एकदमच चालू झाले. २३० व्होल्टची लाइन एकदिश केल्यावर ३२५ व्होल्ट होते. तेवढ्या दाबाला भारलेलं धारित्र दोन मॉस्फेटमधून क्षणात रिकामं झालं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि मॉस्फेटच्या काळ्या आवरणाची कपची त्याच्या चष्म्याच्या काचेवर आदळली. काचेवर ओरखडा उमटला. चष्मा नसता तर ती कपची डोळ्यात गेली असती.

त्यानंतर या प्रकारची कॉइल करू पाहणाऱ्या मोठ्या मुलांना मी काही गोष्टी बजावून सांगतो. गेटच्या ट्रान्सफॉर्मरसाठी लॅन केबलमधल्या वेगवेगळ्या रंगांच्या तीन तारा एकत्र पिळून गुंडाळा, म्हणजे सुरुवात आणि शेवट रंगावरूनच कळतात. मॉस्फेटना मुख्य पुरवठा न जोडता, फक्त गेटचं मंडल चालवून, दोन वाहिन्यांच्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही गेट बघा: एक वर असताना दुसरा खाली दिसला पाहिजे. ऑसिलोस्कोप नसेल तर पुढे जाऊ नका. तंत्रनिकेतनात किंवा महाविद्यालयात जा, तिथल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. मग कमी दाबाच्या पुरवठ्यावर चालवा, आणि मोठ्या पुरवठ्यावर पहिल्यांदा नेताना ६० वा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. मोटर भरणाऱ्या प्रत्येक दुकानात असा सिरीज बोर्ड असतो. जोडणी चुकली असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मॉस्फेट वाचण्याची बरीच शक्यता राहते. बंद केल्यावरही धारित्र भारलेलं असतं. ४७० मायक्रोफॅरडचं धारित्र ३२५ व्होल्टला सुमारे २५ ज्यूल साठवतं, आणि एवढे हृदयाचा ठोका बिघडवायला पुरतात. त्याला समांतर रोध कायमचा जोडलेला हवा, आणि हात घालण्याआधी मीटरने मोजून बघायचं. चष्मा डोळ्यांवर, आणि खोलीत दुसरं माणूस, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे माहीत आहे.

मोटर भरणाऱ्यांकडून शिकण्यासारखी एक युक्ती आहे, तिला ना ऑसिलोस्कोप लागतो ना लाइन. लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा मोटरच्या गुंडाळ्यांची सुरुवात-शेवट ओळखायला १.५ व्होल्टचा सेल आणि काट्याचा मीटर पुरतो. एका गुंडाळीला मीटर जोडा, दुसरीला सेल क्षणभर टेकवा. टेकवताक्षणी काटा उजवीकडे उडाला, तर सेलचं धन टोक आणि मीटरचं लाल टोक ही दोन्ही 'सुरुवात' समजा. डावीकडे उडाला तर उलट. सेल काढताना काटा दुसऱ्या बाजूला उडतो, त्याने गोंधळू नका. मोठी गुंडाळी असेल तर सेल काढताना उघड्या तारेला बोट लावू नका, चांगला झटका बसतो.

दुकानात बसल्यावर कळतं की "उलटी" हा शब्द शेतकरी दोन वेगळ्या दोषांसाठी वापरतात. थ्री-फेज मोटरच्या बाहेरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते, पंप पाणी कमी फेकतो, पण मोटरला इजा होत नाही. आत मात्र तीनपैकी एका गुंडाळीची सुरुवात आणि शेवट उलट जोडली गेली, तर मोटर गुरगुरते, भार घेत नाही आणि बघता बघता तापून जळते. पहिल्यात तिन्ही गुंडाळ्यांचं आपसातलं नातं शाबूत आहे, दुसऱ्यात ते मोडलंय. कॉइल करणाऱ्या मुलाला हा फरक तिथे, गुरगुरणाऱ्या मोटरजवळ, दहा मिनिटांत समजतो.

टेस्लाच्याच एका दुसऱ्या पेटंटमध्ये हे फार सुंदर दिसतं. जानेवारी १८९४ च्या त्या पेटंटमध्ये त्याने दोन तारा शेजारी शेजारी ठेवून एकत्र गुंडाळल्या आणि पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला. प्रवाह दोन्हींतून एकाच बाजूने फिरतो, चुंबकत्वाची बेरीज होते आणि वेढ्यांमधली धारिता वाढते. त्याच दोन तारा, तेवढेच वेढे, फक्त पहिलीचा शेवट दुसरीच्या शेवटाला जोडा, की प्रवाह एकीतून जातो आणि दुसरीतून उलटा परततो आणि चुंबकत्व जवळजवळ शून्य होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या रोधपेटीच्या गुंडाळ्या याच कारणासाठी तार दुहेरी करून गुंडाळतात. मुलांना दोन्ही प्रकार खिळ्यावर करून दाखवा, शेजारी होकायंत्र ठेवा. फळ्यावर बाण काढून जे समजत नाही ते होकायंत्राच्या सुईकडे पाहून समजतं.

एक गैरसमज मात्र खोडून काढायलाच हवा, तो मुलांच्या तोंडी फार आहे: उच्च वारंवारतेचा प्रवाह कातडीवरूनच जातो, म्हणून टेस्ला कॉइल सुरक्षित असते. तांब्याच्या तारेत तो पृष्ठभागाजवळून वाहतो हे खरं. माणसाचं शरीर तांब्यासारखं सुवाहक नाही, तिथे तो खोलवर जातो. झटका जाणवत नाही, कारण इतक्या जलद बदलांना आपले मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत. पण आतलं मांस भाजतं, आणि जाणवत नसल्यामुळेच हात उशिरा मागे येतो. बॅटरीच्या छोट्या कॉइलच्या टोकालाही बोट लावलं तर टाचणीएवढा पांढरा डाग पडतो आणि भाजल्याचा वास येतो. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने अशा कॉइलच्या जवळपासही येऊ नये. श्रवणयंत्र आणि मोबाइलही लांब ठेवावेत.

आणि एक प्रश्न खास आमच्या भागातला. छत्तीसगडातून रानटी हत्ती जिल्ह्यात आल्यापासून, आणि रानडुकरं तर आधीपासूनच आहेत, मुलं प्रकल्पाची कल्पना घेऊन येतात: टेस्ला कॉइल कुंपणाला जोडून धान वाचवता येईल का? कल्पनेमागची कळकळ मला कळते, तिच्यात घरातला नांगर आणि आईबापाची मेहनत आहे. तरी मी ठाम नाही म्हणतो. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत लाइनवर आकडा टाकून जिवंत सोडलेल्या तारांनी वाघही मेले आहेत आणि पहाटे शेताकडे निघालेली माणसंही. घरी बनवलेलं कुठलंही उपकरण कुंपणाला जोडणं म्हणजे त्याच वाटेने जाणं. सौर कुंपणाचं प्रमाणित झटका मशीन वेगळं असतं, ते सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभराचा आणि ऊर्जेची मर्यादा पाळणारा ठोका देतं. आपल्या कॉइलला अशी मर्यादा नसते. तिचा प्रवाह एकसारखा चालू राहतो, आणि कुंपणाच्या लांब तारेला जोडली की तिची वारंवारताही बिघडते, म्हणजे काम तर होत नाहीच, धोका मात्र उरतो.

इन्स्पायर अवॉर्ड-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला १० हजार रुपये मिळतात. ते तयार किट मागवण्यात घालवू नका. नळी, पाव किलोच्या आत वायंडिंग तार, चार ट्रान्झिस्टर, काट्याचा एक मीटर आणि उरलेल्या पैशांत चांगलं सोल्डरिंग आयर्न, एवढ्यात काम होतं. माझी शिफारस अशी की कला हाच प्रकल्पाचा विषय करा. प्रायमरीच्या दोन टोकांमध्ये सहा पायांचा डीपीडीटी टॉगल स्विच बसवा, तो कॉइलच्या अगदी जवळ, तारा बोटभरच लांब, नाहीतर तारांचंच प्रवर्तकत्व मध्ये येतं. स्विचचे कोपऱ्याचे पाय एकमेकांना तिरपे जोडले की खटका दाबताच टोकांची अदलाबदल होते. परीक्षकांना सांगा, तुम्हीच खटका मारा: एका बाजूला सीएफएल उजळते, दुसऱ्या बाजूला विझते, आणि वेढे तर कुणी हलवलेले नसतात. विझलेल्या स्थितीत काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, ट्रान्झिस्टर तापतो. खटका बदलताना आधी बॅटरीचं बटण बंद, मग खटका, मग बटण चालू, हा क्रम टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. टेबलाभोवती हातभर अंतरावर दोरी बांधा, पेसमेकर असलेल्यांसाठीची सूचना दोरीच्या बाहेर, येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि शेजारच्या स्टॉलवाल्याला विचारून घ्या, त्याचा रेडिओ किंवा सेन्सरचा प्रकल्प असेल तर दोघांनी वेळ वाटून घ्या.